साबणाच्या वडीवरचा ठसा

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या एका सेक्टरमधली ती घरफोडी मी अजून विसरलेलो नाही. भिलाईतल्या एका ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी होतो. फिर्याद द्यायला आलेल्या बाई विधवा होत्या. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात क्लार्क होते. एका लग्नासाठी त्या वर्ध्याला गेल्या आणि चार दिवसांनी परतल्या, तर दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत मात्र कपाट उघडं पडलेलं आणि दागिन्यांचा डबा नाहीसा झालेला.

कुलूप न तोडता झालेली चोरी म्हटल्यावर ठाण्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. पावर हाउस भागातल्या बाजारात चाव्या करून देणारा एक माणूस होता. बाप रेल्वेत मजूर, मूळचे नागपूरकडचे. तरुणपणी याने तारेने कुलपं उघडून चोऱ्या केल्या आणि शिक्षाही भोगली. बाहेर येऊन सहा-सात वर्षं झाली होती, तरी त्याचं नाव जुन्या गुन्हेगारांवर नजर ठेवण्याच्या निगराणी रजिस्टरमध्ये होतंच. दर महिन्याला तो हजेरीला यायचा, दाराजवळ उभा राहायचा आणि सही करून निघून जायचा.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. सेक्टरमधल्या पानठेलेवाल्याने त्याला बाईंच्या दारापाशी पाहिलं होतं, त्या वर्ध्याला असतानाच. मी त्याला आणवलं.

"त्या घरी कावून गेला होता?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. तीच माझीही घरची बोली.

"मी चोरी नाही केली साहेब," तो म्हणाला. तासभर त्याचं तेवढंच एक वाक्य. माझा हवालदार म्हणाला, "साहेब, माझ्या ताब्यात द्या. दहा मिनिटांत बोलेल." मी नाही म्हणालो. मारून मिळवलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, आणि खरा चोर तोवर निवांत जेवत असतो, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकलो होतो.

जप्त केलेलं कुलूप मी टेबलावर ठेवलं. "हे तारेनं उघडलंय का, पाहून सांग."

त्याने परवानगी मागून ते सुटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. "तार नाही साहेब. तारेचे ओरखडे तिरपे येतात. हे सरळ हायेत. घासून केलेली नवी चाबी लागली याले."

"चाव्या तर तूच करतोस."

आपल्याच शब्दांनी तो अडकत होता, आणि त्याला ते कळत होतं. त्याने कुलूप खाली ठेवलं.

"माह्याकडंच आला होता तो. बाईंचा भाचा. साबणाच्या वडीवर ठसा घेऊन. घर कोणाचं ते बोलला नाही, पण त्या ताल्याची दुरुस्ती मीच केली होती, तवाच बाईनं भाच्याचा फोटो दाखवला होता. ठसा पाहताच ओळखलं. मी नाही म्हणलं, तर हसला. म्हणे, तुह्या नशिबात चोरीच लिहिली हाये, सुटशील कसा?"

"मग?"

"म्हणलं, नशिबानं माहा हात धरून तार घातली नव्हती. चोरी केली ती मी केली, सोडली ती बी मीच. आता चाबी नाही करत, ते बी मीच ठरवून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल काढून बाईले सांगाले गेलो, तर दाराले ताला."

"ठाण्यात का नाही आलास?"

"तुमच्या रजिस्टरात नाव हाये माहं. तुमी मानलं असतं?"

 खरं उत्तर मला ठाऊक होतं.

हे ऐकल्यावर मी भाच्याला सोडणार नव्हतो, आणि नुसत्या शब्दावर पकडणारही नव्हतो. आम्ही भाच्याच्या घराची झडती घेतली. बाल्कनीतल्या बंद कूलरमध्ये, वाळ्याच्या पट्टीमागे डबा सापडला. आणि ती घासून केलेली चावी? त्याच्या स्कूटरच्या चाव्यांच्या जुडग्यातच होती. दुसऱ्या गावाहून करून आणलेली. पंचनामा होताच तो रडायला लागला, "साहेब, माझे ग्रहच वाईट चाललेत."

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल! पकडला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण नशिबाकडे बोट दाखवतो. चावीवाला एकटाच असा भेटला, ज्याने आपल्या चोरीचाही दोष नशिबाला दिला नाही.

त्याचं नाव निगराणीतून काढावं असा प्रस्ताव मी वर पाठवला. तो परत आला, मी पुन्हा पाठवला. मंजुरी आली तेव्हा शिपायाला न पाठवता मी स्वतः पावर हाउसला गेलो. त्याच्या दुकानात त्याच बाई बसल्या होत्या. चौकशी पुरी व्हायच्या आधीच, त्याला ठाण्यात पाहून "त्याच्या तोंडावरच लिहिलंय" असं मला ठणकावून सांगणाऱ्या. नवीन कुलूप घेऊन आल्या होत्या.

"दोन चाव्या निघाल्या," त्या त्याला म्हणाल्या. "एक तुझ्याकडे ठेव रे बाबा. माझी हरवली तर मी कुठे धावू?"

तो चावीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मी मंजुरीचा कागद पुढे केला. त्याने हात पुसून तो वाचला, त्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. चावीही त्याच खिशात गेली.

वर्दीत असताना मला शाबासक्या मिळाल्या, बक्षिसंही मिळाली. पण मला खरा अभिमान वाटतो तो त्या दुपारचा. माणसाचं पुढचं आयुष्य त्याच्या जुन्या नोंदीवरून ठरलेलं असतं, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो होतो. त्याने ते मानलं नाही. आणि ते न मानायला त्याला माझी परवानगी लागली नव्हती.