तीस दिवसांचं कलम

आप्पा कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचायचे. "पहिल्या पानावर सगळे गोडच बोलतात," म्हणायचे. परदेशात, बुकित पंजांगच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघं भाडेकरू होतो. मी पुण्याहून नुकताच आलेला इंजिनिअर. ते हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत, घरापासून एकोणीस वर्षं लांब. बायको आणि मुलगी पुण्यात. रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा, चार-पाच मिनिटांचा. मग आप्पा बराच वेळ खिडकीशी उभे राहत.

माझी नोकरी गेली तेव्हा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. एचआरवाले "पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिले, आणि पाच आठवड्यांनी त्यांनी करारातलं कलम दाखवलं: पगाराचा वाद लवादाकडेच न्यायचा, तोही नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांत. मला दुसरी नोकरी मिळाली होती. बोभाटा नको म्हणून मी विषय सोडून देणार होतो.

आप्पांनी करार मागून घेतला. "तीस दिवस त्यांनी लिहिलेत. कायद्यात सहा महिने आहेत. लवादाचं कलम घालून ते कमी करता येत नाहीत."

"पण मी सही केलीय, आप्पा."

"केलीस तरी नाही. मीही केली होती."

इथल्या पहिल्याच नोकरीत त्यांनी असं कलम खरं मानलं आणि गप्प बसले. खरं कळलं ते नोकरी सुटल्यावर आठव्या महिन्यात, मुदत संपल्यावर. त्या बुडालेल्या पगारावर बायको-मुलीला इकडे आणायचं ठरलं होतं. "मग मुलीची शाळा सुरू झाली," ते म्हणाले. "राहूनच गेलं."

मी सरकारी कार्यालयात तक्रार केली. तिथल्या तडजोडीच्या बैठकीला ते अर्धी रजा टाकून आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. कंपनीच्या माणसाने कलम पुढे केलं. मध्यस्थ बाईंनी ते वाचून तिथल्या इंग्रजीत शांतपणे सांगितलं, "धिस वन कॅनॉट, लाह." म्हणजे हे चालणार नाही. पगार मिळाला. आप्पा "बरं झालं" म्हणाले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

निवृत्त होऊन ते पुण्याला गेले. महिन्याभराने फोन आला. "इथं सगळ्यांचं सगळं ठरलेलं आहे रे. मी चहासुद्धा विचारून करतो." मग म्हणाले, "एखादा करार असला तर पाठव."

माझ्याकडे फक्त फ्लॅटचा नवा भाडेकरार होता, सहीसुद्धा झालेला. तो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मला फोनवर तासभर समजावून सांगितला. सही झाल्याचं मी बोललो नाही.