सात घरं हिंडलेला पृथ्वीगोल

आमच्या भाऊजींना राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. येणारी गोष्ट कधीतरी जाते. त्यांचा राग घरजावयासारखा कायमचा राहायला आलेला आहे. ताईने लग्नानंतर वर्षभर वाट पाहिली आणि मग त्याला घरातलाच एक माणूस म्हणून धरून टाकलं.

भाऊजी तराजू दुरुस्त करतात. किराणा दुकानातले, औषधांच्या दुकानातले, सोनारांचे. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. भिंतीलगत लांब बाक, त्यावर पोट उघडून पडलेले काटे आणि एका लाकडी पेटीत, मखमलीच्या खळग्यांत, ओळीने निजवलेली पितळी वजनं. या वजनांना बोट लावायचं नाही. बोटाचा घाम लागला की वजन खोटं होतं, म्हणून ती चिमट्यानेच उचलायची. मला एकदा त्या खोलीत शिंक येऊ लागली तर भाऊजींनी आधी पेटी झाकली, मग माझ्याकडे असं बघितलं की शिंकच परत गेली.

त्यांचा सगळ्यात जुना राग एका विशिष्ट प्रकारच्या दुकानदारावर आहे. वजनमापं तपासणारा साहेब यायच्या दिवशी हा दुकानदार खरा काटा बाहेर मांडतो आणि साहेबाची पाठ वळली की पुन्हा खोटा. असा एक गृहस्थ एकदा आपला खोटा काटा दुरुस्तीला घेऊन आला. भाऊजींनी तो सुटा करून आठ तुकड्यांत, पिशवीत घालून परत दिला. जोडून मागितला तेव्हा म्हणाले, खोटा कसा जोडतात ते मला येत नाही.

त्यांची मुलगी जन्मली तेव्हा इतकी इवलीशी होती की त्यांनी तिला गुंज म्हणायला सुरुवात केली. गुंज म्हणजे सोनाराचं सगळ्यात लहान वजन. आता ती दहा वर्षांची आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गुंजेला वाचायला जड जायचं. अक्षरं एकेक करून यायची, शब्द व्हायला तयार नसायचे. तिच्या वर्गात त्यावर एक उपाय काढला होता. तिला फळ्यापाशी उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं आणि सगळ्या वर्गाने मिळून तिच्या चुका मोजायच्या. एक, दोन, तीन, सुरात. सतरापर्यंत आकडा गेला त्या दिवसापासून गुंज शाळेत बोलायची थांबली. पंधरा दिवसांनी घरातही थांबली.

भाऊजी शाळेत गेले. पुढची हकिगत ताई सांगते तेव्हा मध्येच पाणी पिते. मोजण्याला माझा विरोध नाही, मी जन्मभर तेच करतोय, असं ते म्हणाले म्हणे. पण मी मोजतो ते काटा सुधारायला, तुम्ही मोजता ते हसायला. एवढं बोलून त्यांनी गुंजेचं दप्तर उचललं आणि तिला घरी आणलं. तेव्हापासून तिची शाळा त्या लांब बाकाच्या एका टोकाला भरते, आणि तिथेच ती हळूहळू पुन्हा बोलू लागली.

आता घरी मुलं शिकवणाऱ्यांचं आमच्या इथे एक मंडळ आहे. ते दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतं आणि एकमेकांना अनुभव सांगतं. ताई भाऊजींना ओढून नेते. मीही दोनदा गेलो, आणि खरं सांगतो, बाहेर पडताना मला बालपणच परत करावंसं वाटलं. अध्यक्ष एक दंतवैद्य बाई. त्यांची जुळी मुलं बागेत खेळता खेळता अपूर्णांक शिकली. कोणी शिकवलं नाही, झाडावरून फळ पडावं तसे अपूर्णांक पडले. दुसरे एक बँकेतले गृहस्थ. त्यांचा मुलगा पहाटे पाचला आपणहून उठतो आणि इतिहास वाचतो. मंडळात कोणाचं मूल कधी रडत नाही, पेन्सिल फेकत नाही, वजाबाकीवरून जमिनीवर लोळण घेत नाही. सगळीकडे नुसती दिवाणखान्यातली फुलदाणी.

भाऊजींनी एकदा विचारलं, मूल वाचायला बसतच नसेल तर काय करायचं. दंतवैद्य बाई गोड हसल्या. दात काढायच्या आधी हसतात तसं. म्हणाल्या, शिकवू नका, फक्त उपलब्ध राहा.

"मी उपलब्धच असतो," भाऊजी म्हणाले. "ती टेबलाखाली असते."

मंडळी हसली. भाऊजी विनोद करत नव्हते.

अशा उंटावरून होणाऱ्या शहाणपणाच्या वर्षावात एक दिवस सरकारी पत्र आलं. गुरुवारी सकाळी अकराला तपासनीस बाई घरी येणार. मुलीचं शिक्षण समाधानकारक दिसलं तर परवानगी पुढे चालू, नाहीतर सोमवारपासून पुन्हा त्याच शाळेत, त्याच वर्गात, त्याच फळ्यापाशी. गुंजेला पत्र कोणी वाचून दाखवलं नाही. पण त्या संध्याकाळी ती जेवताना गप्प होती, आणि त्या घरात गप्प राहणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईने दंतवैद्य बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, काळजी कसली, संच आहे ना. तेव्हा आम्हाला मंडळाचं गुपित कळलं. मंडळाकडे एक संच होता. एक पृथ्वीगोल, मातीचा एक ज्वालामुखी, सुकवलेल्या पानांची एक वही आणि ग्रहांचा एक तक्ता. ज्याच्या घरी तपासणी, त्याच्या घरी आदल्या दिवशी संच जायचा. वहीवर त्या घरच्या मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची की झालं. आजवर सहा घरांत सहा वेळा शेरा मिळाला होता, समाधानकारक.

हे भाऊजींना कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली, मस्तकातून छताला लागली. साहेब आला की खरा काटा बाहेर, तीच लबाडी, असं म्हणत ते घरभर फिरले. स्वयंपाकघरात दोनदा, गॅलरीत तीनदा. माझ्या घरात दुसऱ्याची पृथ्वी येणार नाही, हे वाक्य त्यांनी अशा आवाजात उच्चारलं की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी रेडिओ बंद केला.

ताई शांतपणे ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "तुमचा खरेपणा फळ्यापाशी उभा राहणार नाही. ती राहणार आहे."

 यावर भाऊजी आणखी चिडले आणि बुधवारी दिवसभर बाहेरच्या कामाला गेले.

गुरुवारी सकाळी, भाऊजी कामावर गेल्यावर, संच मीच आणला. लपवत नाही. बसमध्ये पृथ्वीगोल मांडीवर, ज्वालामुखी पायांत, तक्ता बगलेत. भाचीसाठी माणूस काय करत नाही. गोलाला विषुववृत्तावर तडा होता, तो लाल चिकटपट्टीने बांधला होता. दांडी डुगडुगत होती. आणि मोठ्या महासागरात कोणातरी घरच्या हुशार बाळाने निळ्या पेनाने एक मासा काढला होता, त्याला टोकं वळवलेल्या झुबकेदार मिशा. वहीवर मी गुंजेच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. खाली आधीच्या सहा चिठ्ठ्या होत्या, त्यामुळे नाव तेवढं पाटासारखं वर आलं.

भाऊजी एका दुकानाचा काटा बसवून परतले ते नेमके तपासनीस बाईंच्या मागोमाग जिन्यातून. बाई पन्नाशीच्या, दमलेल्या, हातात फुगलेली फाईल. आत आल्या, टेबलावरच्या गोलाकडे बघितलं आणि तो हलकेच फिरवला. मासा समोर आल्यावर थांबवला.

"हा गोल घरात कधीपासून आहे?" त्यांनी गुंजेला विचारलं.

"आज सकाळपासून," गुंज म्हणाली. "मामानं बसमधून आणला. आमचा नाहीये."

मी ग्रहांच्या तक्त्याचा फार बारकाईने अभ्यास सुरू केला. ताईने डोळे मिटले. भाऊजींचं तोंड मात्र मुलीकडे बघून क्षणभर असं उजळलं की मला वाटलं, राग सुट्टीवर गेला. पण बाई पुढे बोलल्या.

"या मिशीवाल्या माशाला मी सातव्यांदा भेटतेय," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा वाटलं, काय गोड मासा आहे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" भाऊजी.

"दुसऱ्या घरापासून."

"आणि तरी समाधानकारक लिहीत गेलात?"

"फॉर्ममध्ये साधने असा रकाना आहे. साधने कोणाची, असा नाही."

मग भाऊजी फुटले. आमच्या धंद्यात खोटा काटा ठेवणाऱ्याला एक शिवी असते, आणि जाणूनबुजून त्याच्यावर शिक्का मारणाऱ्याला दोन, असं त्यांनी सुनावलं. शिव्या तेवढ्या गिळल्या, मुलगी समोर होती म्हणून. तुम्ही सहा घरांत मुलं तपासली की मातीचा डोंगर, असंही विचारलं. ताई त्यांची बाही ओढत होती. ज्या हातात आपल्या लेकीचं भवितव्य आहे त्या हाताला असं कोणी झाडतं का.

बाईही गाईसारख्या गरीब नव्हत्या. त्यांनी फाईल टेबलावर आपटली. ज्वालामुखीचा एक तुकडा पडला.

"मग खरं लिहू? या मुलीला येत नसेल तर येत नाही असं लिहू? सोमवारी शाळेत सोडायला तुम्ही जाणार?"

  भाऊजी गुंजेकडे बघत होते आणि गुंज त्यांच्याकडे.

"आधी मोजा तरी," ते शेवटी म्हणाले. 

बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि गुंजेला बाकावर शेजारी बसवून घेतलं. मला आशा होती की गुंज आता चिमट्याने वजनं उचलून दाखवील. हाताने वस्तू तोलून नेमकं वजन सांगणं तिला असं जमतं की भाऊजीही दोन बोटं मागे पडतात. तिने तेही केलं, बाईंची किल्ली तोलून दाखवली. बाई म्हणाल्या, छान, पण मी वाचायला सांगितलंय.

गुंजेने वाचलं. पाच ओळी, अकरा मिनिटं. तिसऱ्या ओळीवर ती अडकली, मागे गेली, पुन्हा आली. बाईंनी चुका मोजल्या, पण पेन्सिलीने, कागदाच्या कोपऱ्यात, आवाज न करता. भाऊजींच्या हातात एक फडकं होतं, त्याचा त्यांनी दोर केला होता.

मग बाईंनी साधनांचा रकाना कोरा सोडून लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. वाचन दोन वर्षं मागे. पाढे सातपर्यंत. वजाबाकी चांगली. मापनाचा अंदाज वयाच्या फार पुढे. ताई रडू लागली. भाऊजींनी कागद मागून घेतला, सोनाराचा काटा तपासावा तसा वरून खाली दोनदा तपासला, आणि खाली सही केली.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले.

बाईंनी कागद उलटला. मागच्या बाजूला एक चौकोन होता: शिक्षण घरीच चालू, तीन महिन्यांनी फेरतपासणी. त्यात त्यांनी खूण केली. अकरा वर्षांत हा चौकोन मी पहिल्यांदा वापरतेय, म्हणाल्या, कारण समाधानकारक मुलांना तो लागत नाही. वाचनासाठी काय करायचं तेही त्यांनी तिथेच बसून सांगितलं. ओळीखाली पट्टी धरायची, रोज पाव तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही, आणि चूक झाली तर शब्द आपण सांगून पुढे जायचं. सहा घरांपैकी एकालाही त्यांना हे सांगता आलं नव्हतं. सांगणार कोणाला? माशाला?

भाऊजींचा खरा राग यानंतर सुरू झाला. शनिवारी ते संच घेऊन मंडळात गेले. गोलाची दांडी त्यांनी बसवली होती, तडा बुजवला होता, डुगडुगती वस्तू त्यांना बघवत नाही. मासा पुसला नव्हता. गोल टेबलावर ठेवून म्हणाले, आता माझा अनुभव. सोमवारी मुलगी रडली. मंगळवारी मी ओरडलो. बुधवारी मी घरातून पळून गेलो. गुरुवारी कळलं की ती दोन वर्षं मागे आहे, आणि तिघंही पहिल्यांदा पोटभर जेवलो. तुम्ही तुमचा एक वाईट दिवस जरी सांगितला असता तर मी आधी जेवलो असतो.

दंतवैद्य बाईंनी नकारात्मक वातावरणाबद्दल दोन शब्द सांगितले. ते कोणी ऐकत नव्हतं. बँकेतले गृहस्थ चष्मा पुसत होते.

"पाचला मी उठतो," ते हळूच म्हणाले. "त्याच्या पलंगावर जाऊन बसतो. तो साडेनऊला उठतो."

मंडळ त्या दिवशी उशिरापर्यंत चाललं. पुढच्या शनिवारी दंतवैद्य बाई आल्या नाहीत, पृथ्वीगोलही आला नाही. अपूर्णांक अजून पडत असावेत.

तीन महिन्यांनी तपासनीस बाई पुन्हा आल्या, न कळवता. टेबलावर काहीच मांडलेलं नव्हतं, सांडलेला चहा सोडून. गुंजेने पट्टी धरून एक अख्खं पान वाचलं. मध्ये दोनदा थांबली, एकदा स्वतःवरच चिडून पट्टी आपटली आणि पुन्हा धरली. बाईंनी लिहिलं, दीड वर्ष मागे, आणि चौकोनात पुन्हा खूण केली.

भाऊजींनी कागद बघितला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"दीड जास्त उदार होतंय," ते म्हणाले. "पावणेदोन लिहा. तिसऱ्या परिच्छेदात ती..."

ताईने कपाळावर हात मारला. पण गुंज उठून उभी राहिली होती. कमरेवर हात, नाकपुड्या फुगलेल्या, डिट्टो बाप.

"दीडच," ती म्हणाली. आवाज असा, की खालच्या बाईंचा रेडिओ बंद झाला. "वाचलं मी की तुम्ही?"

 भाऊजींनी खिशातून पेन काढलं आणि दीडखाली सही केली.