पाण्याच्या वर इतभर

बनाबाई रागावली की भांडत नसे. मुकाट्याने लोकर पिंजत बसे, आणि ते शेजारणींना भांडणाहून जड वाटे.

दुधनीजवळच्या ओढ्यातला झरा बारमाही होता. आजा-पणजापासून तिच्या घरच्या मेंढ्या तिथंच पाणी पीत. १९२८ साली देवळातल्या विरुपाक्ष पुजाऱ्यानं झऱ्यावर दगडी हौद बांधून घेतला आणि ऐन चैतात काठी घेऊन तिचा कळप हाकलला. "बने, देवाचं पानी हाय हे. तुजी जनावरं नदीला ने." नदी तीन कोस लांब. वाटेत तिची गाभण मेंढी उन्हानं पडली ती उठलीच नाही. चिरली तर पोटात जुळी निघाली.

बनाबाईनं तिन्ही पुरली. मग नदीच्या चिखलातून पाणकणसाचे चार गड्डे उपटले, ओल्या घोंगडीत गुंडाळून आणले आणि हौदाच्या गाळात पायानं दाबले.

दोन वर्षांत हौद दिसेना. पुरुषभर उंच पाती, वर तपकिरी कणसं, खाली डास. पुजारी उपटून थकला. शेवटी तिच्या दारात आला.

"बनाबाई, तुमची आई नदीकाठची. हे मरतं कसं?"

बनेची बनाबाई झालेली तिनं ऐकली. गूळ-पाणी दिलं.

"पान्याच्या वर इतभर ठिवून कापा. खाली इळा लावू नगा, लई माजतंय."

खरं होतं ते उलटं. पाणकणसाची मुळं पोकळ पात्यांतून श्वास घेतात. पाण्याखाली कापलं की नळ्यांत पाणी शिरतं नि मूळ गुदमरतं. तिची आई चटयांसाठी पाती कापायची, तेव्हा बजावायची, पाण्याखाली विळा लावलास तर पुढच्या साली काय विणशील?

विरुपाक्ष वर्षातून तीनदा कापी, पाण्याच्या वर वितीनं मोजून. पाणकणीस तरारून येई. तिसऱ्या साली त्याला हिवतापानं धरलं. बनाबाईचा भाऊ धुळाप्पा तिला म्हणाला, आता सांगून टाक, माणूस मरंल.

"माजी मेंढी उटून म्हनली तर सांगंन," बनाबाई म्हणाली.

हौद गाळानं भरला. झऱ्याचं पाणी भिंतीवरून ओसंडून पुन्हा ओढ्याला लागलं. मेंढ्या तिथं पिऊ लागल्या. पुजारी वाकळ पांघरून ओसरीवरून बघे. काठी उचलण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

ओढ्याला जायला दुसरी, जवळची वाट होती. बनाबाई मात्र रोज कळप त्याच्या दारावरूनच नेई, सावकाश.