चुन्यावर सिमेंट

जुन्या दिल्लीतली ती शाळा मराठी मंडळींनी एका हवेलीत सुरू केली होती. हातभर जाड भिंती, जुन्या काळच्या पातळ लखौरी विटा आणि वर चुन्याचा गिलावा. जूनमध्येसुद्धा वर्गात गारवा असायचा. माझी ताई तिथे आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका. तिचं लग्न, संसार, सगळं ती शाळाच.

मी सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर. आमच्या लोकांची खोड अशी, की आपला माणूस खात्यात असला की बाहेरच्याला विचारायचंच नाही. गणपती शाळेतच बसायचा. एका वर्षी नेमका त्याच्या तोंडावर गिलावा गळायला लागला, तर ताईसकट सगळे आर. के. पुरमला माझ्या सरकारी क्वार्टरवर हजर. "साहेब, तुम्हीच सांगा." मीही मोठ्या तोऱ्यात सांगितलं, चुना खरवडा, सिमेंट मारा. त्यांच्यासोबत आलेला म्हातारा मिस्त्री म्हणाला, "साहब, दीवार का दम घुट जाएगा." मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. अरे, एवढी ऑफिसं बांधली मी, हा कोण मला शिकवणार! अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

गणपतीत भिंती एकदम चकाचक. सगळ्यांनी पाठ थोपटली. पण चुन्यातून बाहेर पडणारी ओल आता आतच अडकली. काही वर्षांत भिंतींना फुगे आले. मागच्या हिवाळ्यात एका वर्गाची भिंत ढासळली; नशीब, रविवार होता. आत विटांचा नुसता भुगा. मिस्त्री म्हणाला होता तेच झालं होतं.

पालिकेला अहवाल हवा होता. तोही लिहायला मीच, आपला माणूस ना! इमारत वापरण्याजोगी नाही, हे खरं होतं, ते लिहिलं. कारणाच्या रकान्यात मात्र 'इमारतीचे वय' लिहून मोकळा झालो. दुसरी जागा नव्हती. इमारत रिकामी करायची म्हणजे शाळा बंद.

अहवालावर मुख्याध्यापिकेची सही लागणार होती, म्हणून कागद घेऊन ताईच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर गेलो. तिने सावकाश वाचलं. मग त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मला तेव्हाच पटलं नव्हतं रे," ती म्हणाली. "पण चारचौघांत भावाला कसं टोकायचं, म्हणून गप्प बसले."

आणि तिने सही केली. थांब, कारण बदलून आणतो, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी कागदाची घडी घातली आणि तो तसाच जमा केला.