धाकट्याला ओलांडून

धाकट्याने आक्काचा पाय मोडला तेव्हा ती बुटाची नाडी बांधत होती. कोपऱ्यातलं लोखंडी शिलाई मशीन त्याने दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या डाव्या पावलावर सोडलं. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"पळायचंय ना तुला?" तो म्हणाला. "पळ आता."

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो कडेवर होता. बाप कंबरेचा पट्टा काढून त्याला झोडपायचा, आणि आक्का त्याच्या अंगावर आडवी पडून निम्मे फटके आपल्या पाठीवर घ्यायची. बाप मेला, पट्टा तेवढा घरात राहिला. धाकट्याला मिसरूड फुटलं, दारू लागली आणि त्याचा हात बहिणीवर उठायला लागला. आधी चापट्या, मग लाथा, मग हाताला लागेल ते. बापाचा मार पोराच्या अंगात साठलाय, तो माझ्यावर निघेल आणि एक दिवस आटेल, असा तिचा हिशेब. रोज हात जोडून ती देवाकडे तेच मागायची. देवाने काही तो हिशेब मंजूर केला नाही.

पळायला तिला शिकवलं म्हणायचं तर धाकट्यानेच. एका संध्याकाळी तो सळई घेऊन मागे लागला. ती अनवाणी रस्त्याच्या टोकापर्यंत धावली आणि तो निम्म्यातच धापा टाकत बसला. ती मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. दुसऱ्या दिवशी तिने ही गोष्ट तिथे हसत हसत सांगितली. कपडे पिळायच्या यंत्रावर एक बाई होती, आवाजावरून तिला सगळ्या मोटर म्हणायच्या. ती म्हणाली, शहरात रस्त्यावरची शर्यत आहे, नाव घाल. तिथे तर सळई घेऊन मागेही कुणी लागणार नाही.

आक्का रोज सकाळी पळू लागली. मग गल्लीतल्या कुणीतरी धाकट्याला विचारलं, बहीण कुणाच्या मागे पळतेय रे? लोक हसले. त्या हसण्याचं उत्तर म्हणजे ते शिलाई मशीन.

डॉक्टरांना तिने सांगितलं, कपड्यांची ढकलगाडी पायावरून गेली. धुलाईखान्यातल्या ढकलगाड्यांना रबराची चाकं असतात हे सगळ्या बायकांना माहीत होतं. मोटर तेवढी म्हणाली, "त्या गाडीला दारू पाजतं कोण?"

प्लॅस्टर निघालं तेव्हा पाऊल जरा तिरकं बसलं होतं. पायरी उतरताना कळ डोक्यात जायची. तरी जेवणाच्या सुट्टीत ती वाळत घातलेल्या चादरींच्या मधून पळू लागली. बूट कामावरच ठेवायची, कारण आधीचे धाकट्याने सुरीने फाडले होते. ही शर्यत पळाले नाही तर ह्याच्या पायाखालून मी पुन्हा निघायची नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

शर्यतवाल्यांनी दिलेला पांढरा सुती सदरा बायकांनी हौसेने धुतला. आणि हाताच्या सवयीने त्याला डॉक्टरांच्या कोटासारखी कडक खळ घातली, बाह्यांना धार काढली. सदरा नुसता पुठ्ठा झाला. पण त्यांची तोंडं इतकी फुलली होती की नको म्हणायला आक्काची जीभ रेटेना. तिने तोच घातला.

शर्यतीत घाम सुटला तशी बाह्यांची ती धार बगलेत करवतीसारखी चालायला लागली. पूल येईपर्यंत कातडी सोलून निघाली आणि सदऱ्यावर रक्त ओघळलं. ती नामस्मरण करत पळत राहिली.

पुलाच्या उतारावर धाकटा उभा होता. गर्दीतून आत घुसून त्याने तिची मानगूट धरली, थोबाडीत मारली आणि बुटाच्या टाचेने नेमकं ते तिरकं पाऊल चिरडलं. ती गुडघ्यांवर कोसळली. बघणाऱ्यांना वाटलं, बाई आधीच रक्तबंबाळ आहे, घरचं माणूस तिला बाहेर काढतंय. एकाने तर त्याला वाट करून दिली.

पुन्हा मारायला त्याने पाय उचलला. इतकी वर्षं अशा वेळी तिचे हात डोक्यावर जायचे. आज ते त्याच्या बुटाकडे गेले. तिने घोटा धरला आणि ओल्या चादरीला देतात तसा हिसका दिला. धाकटा आडवा झाला, त्याचं डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. ती त्याच्या छातीवर बसली आणि मारत सुटली. मुठी, कोपर, परत मुठी. त्याचं नाक फुटलं, ओठ दातांत चिरला. आता लोक ओरडायला लागले. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं.

मग त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि गुडघे पोटाशी ओढले. पट्ट्याखाली तो असाच मुटकुळं करायचा.

तिची मूठ वरच राहिली. वर बापाचाच हात उचलला गेलाय ते तिला दिसलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती उठली. "तुझ्या अंगावर आडवी पडले ते पडले," ती म्हणाली. "आता तुझ्यापुढे आडवी पडणार नाही. घरी येऊ नकोस."

रुग्णवाहिकेतला माणूस धावत आला. दोघांनाही गाडीत घ्यायला निघाला. भावाला न्या, तिने सांगितलं, मला पोचायचंय. आणि धाकट्याला ओलांडून ती निघाली.

ते काही पळणं नव्हतं. सुजलेलं पाऊल बुटात मावेना, एक डोळा मिटत आलेला, तोंडात रक्ताची चव. मागून येणारे सगळे पुढे गेले. ती पोचली तेव्हा माणसं शर्यतीच्या शेवटाची कमान उतरवत होती. तिच्यासाठी थांबलेली मोटर पुढे आली. पहिल्यांदाच तिचा आवाज बसला होता. हे रक्त कुणाचं, तिने हळूच विचारलं.

"थोडं माझं, थोडं त्याचं."

मोटर तिला पाण्याकडे नेत होती. पण आक्का सरळ बंदोबस्ताच्या हवालदाराकडे गेली. तो म्हणाला, बाई, शर्यत संपली.

"माझी तक्रार लिहा," ती म्हणाली. "भावाने पाय मोडला तिथपासून. आणि आज मी त्याला मारलं, तेही लिहा."

हवालदाराने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"उभीच बरी," आक्का म्हणाली. "बसले तर उठवणार नाही. तुम्ही लिहा."