पहिली गेली

माझी आत्या ठकुबाई कुणाशी गोड बोलली, असं हिर्डोशीत कुणी सांगणार नाही. ऐन तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी परत आली, आणि आमची आई वारल्यावर मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, फुलाला, तिनंच वाढवलं. भाताची लावणी असो की भांडण, पदर खोचून पुढं व्हायची. सोमवारचा उपास मात्र तिनं कधी मोडला नाही.

फुलाला उत्रोलीचं स्थळ आलं ते बिजवराचं. रखमाजी मध्यस्थ होता. म्हणाला, "मानसिंग पोरगा गरीब सोभावाचा. भाताची रानं हायेत. पहिली गेली, पोरबाळ काय न्हाई." वडिलांनी बसल्या जागी शब्द दिला. आत्या तेव्हा रानात होती.

"पोरगी वाढवली म्या, आन् शब्द तू देतोस व्हय, सोनबा?" घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली. दोन दिवस वडिलांच्या ताटात तिनं भाकरी लांबूनच टाकली.

सुपारी फुटायच्या आधी दोन्ही घरांनी एक दिवस भोरला भेटायचं ठरलं. भोर तेव्हा संस्थानची राजधानी. फुलानं भोर पाहिलं नव्हतं. तिला वाडा, देऊळ, समाध्या दाखवायच्या, आणि उत्रोलीकरांनी चालताबोलता मुलगी बघायची. आम्ही पहाटेच बैलगाडी जुंपली.

राजवाड्यासमोर मानसिंगची आई अंबूबाई उभीच होती. तिनं फुलाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नाचणीवर वाढलेली दिसतीया."

"नाचणीवरच वाढलीया," आत्या म्हणाली. "डोंगर चढती. तुमच्या सपाटीला तिला काय दम लागायचा न्हाई."

वाड्याच्या पहिल्या चौकापर्यंत लोकांना जाऊ देत होते. फुला मान वर करून लाकडावरची नक्षी बघत राहिली.

"तोंड मीट, पोरी. माशी जाईल," अंबूबाई म्हणाली.

फुलाचे डोळे भरले. वडील उगाच हसले. मानसिंग आईच्या मागं दोन पावलं, वहाणांकडे बघत उभा. तो त्या दिवशी नक्षीकडेही बघेना आणि फुलाकडेही.

भोरेश्वराच्या देवळात आत्या पुढं सरली, तशी अंबूबाईनं हात आडवा केला. "तुमी जरा मागं ऱ्हावा, ठकुबाई. सोयरिकीचं काम हाय. तुमची सावली नगं."

आत्या मागं झाली. खांबाशी उभं राहून तिनं हात जोडले. देवाला ती काय म्हणाली, ते देवालाच ठाऊक.

तिथून नदीकाठच्या समाध्यांकडे गेलो. राजघराण्यातल्या एका राणीच्या समाधीपाशी अंबूबाईनं पदराखालून खण-नारळ काढला. "राणीसाहेब सवाशीन गेल्या. केवढं नशीब!" म्हणत तिनं समाधीची ओटी भरली आणि फुलालाही वाकायला लावलं.

आत्या लांबून बघत होती. एकदम म्हणाली, "मग तुमची पहिली सूनबी सवाशीनच गेली की. तिचा टाक केलाय का?"

आमच्याकडे दुसरेपणावर मुलगी दिली, की मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक करून तिच्या गळ्यात घालतात. आधी तिचा मान, मग मंगळसूत्र. नाहीतर ती सवत नव्या नवरीला सुखानं नांदू देत नाही. आत्यानं विचारलं ते खरंच काळजीनं.

"बगू की मागनं," अंबूबाई म्हणाली.

"मागनं कसं? पोर तिच्या जाग्यावर चाललीया. केला नसंल तर सोनार हितं पेठंत हाय. चला, आत्ताच सांगू. नाव काय व्हतं तिचं?"

"बाळाबाई," मानसिंग बोलला. दिवसभरात तो बोलला तो हा पहिला शब्द.

"कशानं गेली?"

अंबूबाई ओटीतला नारळ सारखा करू लागली. आत्या पेठेच्या वाटेला लागली, तसा मानसिंग आडवा आला.

"टाक नगं. आई, सांग की तू! जित्या मानसाचा टाक करत्यात व्हय?"

अंबूबाई डगमगली नाही. "आमी कुटं मेली म्हनालो? गेली म्हनालो. गेलीच हाय ती, तिच्या माहेरी. कूस उजवंना, मग काय पूजा बांदायची तिची?"

"गेली का घालवली?"

"आमच्या घरातलं तू इचारनार? पांढऱ्या कपाळाची!"

वडील मधे पडले. "अक्का, गप. लोकं दुसरी करत्यातच की. म्या शब्द दिलाय."

"तुजा शब्द मेला, सोनबा. हितंच, नदीकाठाला. आता त्याचा टाक कर आन् बांद गळ्यात." मग ती अंबूबाईकडे वळली. "आन् तुमी ही वटी उचला. बाळाबाईच्या दारात न्या. ती जिती हाय. सवाशीन ती हाय."

फुलाचा दंड धरून तिनं तिला गाडीत बसवलं.

परतीच्या वाटेवर वडिलांनी सगळा राग बैलांवर काढला. फुलाही आत्याकडे पाठ करून बसली होती. समाध्या झाल्यावर तिला बाजारात हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या, त्या राहिल्या. उत्रोलीकरांनी गावोगाव सांगितलं, की भावाच्या घरातली विधवा बाई पोरीचं सुख बघू शकली नाही. हिर्डोशीतल्या बायकांनाही ते खरं वाटलं. वर्षभर फुलाला कुणी विचारलं नाही, आणि वर्षभर वडील आत्याशी आमच्याकरवी बोलत. "तिला सांग, मीठ कमी हाय." ती समोरच बसलेली असायची.

पुढं कुंडलिकमामा दुसरं स्थळ घेऊन आले. "पोरगा चांगला हाय. आई हाय, बाप गेला," ते म्हणाले.

आत्या चुलीपुढून उठून बाहेर आली.

"कुटं?" तिनं विचारलं.