सुलभाताईंनी खोडलेला निष्कर्ष

डॉ. सुलभाताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते डहाणूच्या जनावरांच्या दवाखान्यात. त्या जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर एक भटका कुत्रा, हातात चिमटा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कडक इस्त्रीच्या साडीतली मी दारातच थबकले. "ये, कान धर," त्या म्हणाल्या. "त्याचा. तुझा नंतर बघू." त्या दिवसापासून मी त्यांची सहायक झाले.

गोचिडींच्या चाव्यातून कुत्र्यांना होणाऱ्या एका आजारात ताप येतो, नाकातून रक्त येते, जनावर खंगत जाते. तो घडवणाऱ्या जिवाणूच्या जनुकांचा ताईंनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यातल्या एका जनुकात एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो कसा आणि किती वेळा येतो, त्यावरून जिवाणूचे घराणे ओळखता येते. पाड्यावर हे सांगताना ताई समोरच्या बाईच्या गळ्यातली माळ दाखवत. "माळ तीच, मणी कमीजास्त."

निवृत्तीच्या सुमारास तलासरीकडच्या तीन पाड्यांवरच्या शेरू, काळू आणि वाघ्या यांच्या रक्तात पूर्वी न दिसलेले एक घराणे सापडले. नमुने आम्ही वेगवेगळ्या जणांनी वेगवेगळ्या फेऱ्यांत आणले होते. नवे घराणे तिन्ही पाड्यांत पसरले आहे, असा शोधनिबंध तयार झाला. ताईंच्या साऱ्या कामाचा तो कळस ठरला असता. पाठवण्याआधी त्या म्हणाल्या, "तिघांना एकदा भेटून येऊ."

पहिल्या पाड्यावर शेरू भेटला आणि आमच्यामागोमाग चालू लागला. दुसरीकडे काळूची चौकशी करताच घरची म्हातारी म्हणाली, "हा काय, तुमच्यासोबतच आला ना!" तिसरीकडची सून तर हसून बेजार. "बाई, हाच आमचा वाघ्या! सकाळी तिथं खातो, दुपारी आजीकडं, रात्री आमच्याकडं. राखण तिन्ही घरांची करतो, मग जेवण एकाच घरचं कसं?"

मला रडूच आले. ताई मात्र त्याच्या कानामागच्या गोचिडी काढत होत्या. "अगं, तीन आजारी वाटले होते, निघाला एकच. चांगलंच झालं की!" मग त्यांनी तिन्ही घरच्या बायकांना एकत्र बसवले आणि तिन्ही घरांतून तिप्पट औषध जाऊ नये म्हणून गोळी एकट्या आजींनीच द्यायची, असे ठरवून टाकले. परत आल्यावर निष्कर्षावर स्वतः रेघ मारली. निबंध छोटा झाला, पण खोटा झाला नाही.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई रोज संध्याकाळी तिच्यापाशी येऊन बसत. तिला मऊ भात भरवत, कुत्र्यांच्या गोष्टी सांगत. माझे काम त्यामुळेच सुटले नाही. याचा त्यांनी कधी उच्चारही केला नाही, म्हणून मी इथे करते.

आज पंचाहत्तरीतही आशागडच्या त्यांच्या ओटीवर कोणी ना कोणी कुत्रा घेऊन येतेच. त्या घराण्याचा जिवाणू पुन्हा कुठे मिळाला का, असे विचारले की त्या म्हणतात, "नाही, आणि न मिळो." ताईंच्या मनासारखे होवो, आणि ते पाहायला त्यांना शंभर वर्षांचे निरोगी, हसरे आयुष्य लाभो.